टेलला पाणी का येत नाही?

शिक्रापूरचा चाकण चौक ज्यांनी कधी संध्याकाळी पार केला आहे, त्यांना वेगळे काही सांगायला नको. पुण्याहून येणारा नगर रस्ता चांगला रुंद, चाकणहून येणाऱ्या रस्त्यावरही कंटेनर सहज मावतात, आणि तरी चौकात सारे खोळंबलेले. सणसवाडीच्या कारखान्यांतून सुटलेल्या बसगाड्या, रांजणगावकडे निघालेले ट्रक, हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि यांच्यामधून वाट काढणारी सायकलवरची पोरे! रस्ता किती रुंद आहे याला तेथे फारसा अर्थ नसतो. चौकात कोणाला किती वेळ सोडतात, यावर सारे ठरते.

याच परिसरातल्या एका शाळेत मध्यंतरी दोन दिवस काढावे लागले, तेव्हा असाच एक चौक पाहायला मिळाला. फरक एवढाच की तो डोळ्यांना दिसत नव्हता. मुख्याध्यापकांच्या खोलीत फायलींच्या कपाटावर एक काळा डबा होता. त्यात तो चौक होता.

शाळेला जोडून कनिष्ठ महाविद्यालय आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस होते. आईवडील कारखान्यात कंत्राटी कामाला, घरी एकच मोबाइल आणि तोही वडिलांबरोबर पाळीवर जाणारा, अशी बरीच मुले. त्यांनी अर्ज भरायचा तो शाळेच्या संगणक कक्षात. कक्षात तीस संगणक आणि शाळेची इंटरनेटची लाइन शंभर मेगाबिटची. एवढ्यात तीसच काय, तीनशे अर्जही जायला हवेत. प्रत्यक्षात अकरावीतली एक मुलगी सकाळी दहापासून उत्पन्नाचा दाखला चढवत होती. पान उघडत होते, नाव-गाव भरले जात होते, पण दाखल्याची प्रत पाठवायला घेतली की निळी पट्टी निम्म्यावर जाऊन थांबे आणि थोड्या वेळाने ‘पुन्हा प्रवेश करा’ अशी पाटी येई. दुपारी दोनपर्यंत तिने हे सात वेळा केले होते. मुदतीला तीन दिवस उरले होते.

‘‘लाइनच खराब आहे सर,’’ शाळेचे मामा ठामपणे म्हणाले. मुख्याध्यापकांचेही मत तेच. त्यांनी लाइनवाल्यांकडे तीनदा तक्रार केली होती. त्यांचा माणूस तिन्ही वेळा आला, भिंतीतून येणारी वायर स्वतःच्या संगणकाला लावली, पूर्ण शंभर दाखवून सही घेऊन गेला. शाळेत त्याला सारे लबाड म्हणत होते. तो लबाड नव्हता. त्याने कालव्याच्या मुखाशी पाणी मोजले होते आणि तक्रार टेलची होती.

शिरूर तालुक्यात हे समजावून सांगावे लागत नाही. चासकमानचे आवर्तन सुटले की धरणातून किती क्युसेक निघाले हे वर्तमानपत्रात छापून येते. शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्याला त्या आकड्याशी कर्तव्य नसते. मधल्या किती मोऱ्या उघड्या आहेत आणि शेजपाळीत आपला नंबर कधी आहे, हे तो विचारतो. आमच्या त्या मुलीचा संगणक टेलवर होता. मधल्या मोऱ्या शोधायच्या होत्या.

त्या काळ्या डब्याला फायरवॉल म्हणतात. मूळ शब्द इमारतींचा. एका खोलीतली आग दुसरीत जाऊ नये म्हणून घालतात ती भिंत. संगणकांच्या जाळ्यात हे काम असा डबा करतो. आत येणारी आणि बाहेर जाणारी माहितीची प्रत्येक पुडी त्याच्यासमोरून जाते. त्याच्याजवळ नियमांची यादी असते आणि तो ती वरून खाली वाचतो. जो नियम पहिल्यांदा लागू पडेल तो लावायचा आणि पुढचे वाचायचेच नाहीत, अशी बहुतेक डब्यांची रीत. यातल्या काही नियमांना वेगाची मर्यादाही जोडता येते: कार्यालयाला इतके, संगणक कक्षाला इतके.

मर्यादा घालायची म्हणजे डबा पाण्यासारखी धार बारीक करत नाही, हेही सांगायला हवे. पूर्वी बँकेत पितळेचे टोकन घेऊन बसावे लागे, तशातला प्रकार. दर क्षणाला ठरावीक टोकने तयार होतात. पुडीला टोकन मिळाले तर ती जाते, नाही तर रांगेत थांबते, आणि रांग भरली तर सरळ टाकून दिली जाते. पाठवणाऱ्या संगणकाला पोच मिळत नाही, मग तो तीच पुडी पुन्हा पाठवतो आणि आपला वेगही कमी करतो. ती निम्म्यावर अडकलेली निळी पट्टी म्हणजे टोकनसाठी ताटकळलेली माणसे होती.

पहिले काम मोजण्याचे. डब्याच्या पुढे मोजले तर शंभर आणि डब्याच्या मागे, संगणक कक्षात मोजले तर खाली येणारी माहिती व्यवस्थित, वर जाणारी मात्र जवळजवळ ठप्प. पाने उघडतात पण दाखला जात नाही, याचा उलगडा तेथेच झाला. दोष दारात होता, आणि तोही बाहेर जाणाऱ्या फडताळात. शाळेच्या लाइनलासुद्धा वर जाण्याचा वेग वीसच होता. जाहिरातीत छापतात तो शंभर खाली येण्याचा. अनेकांच्या घरीही हे असेच असते आणि कोणी सांगत नाही.

मग नियम उघडले. संगणक शिकवणाऱ्या बाई हुशार. त्यांनी महिन्यापूर्वीच ‘संगणक कक्षाला वर जाण्यासाठी दहा मेगाबिट’ असा नवा नियम घातला होता. ‘‘मी नियम घातलाय हो, तरी काही होत नाही,’’ त्या रडकुंडीला आल्या होत्या. प्रत्येक नियमाशेजारी एक आकडा असतो: या नियमाखालून आजवर किती पुड्या गेल्या. बाईंच्या नियमापुढे शून्य होते. महिनाभरात एकही पुडी त्यांच्या नियमापर्यंत पोचलीच नव्हती! कारण त्याच्या वर एक जुना नियम बसला होता: ‘कार्यालय सोडून बाकी सर्व, मिळून दोन मेगाबिट.’ त्याच्यापुढचा आकडा सारखा पळत होता.

तो नियम टाळेबंदीतला. २०२० मध्ये शिक्षक कार्यालयात बसून ऑनलाइन तास घेत, लाइन तेव्हा दहाची होती, आणि तासात खंड पडू नये म्हणून कोणीतरी बाकी साऱ्यांना दोनवर बांधले होते. त्या वेळी तो निर्णय शहाणपणाचाच होता. पुढे मुले परतली, लाइन दहाची शंभर झाली, नियम बांधणारा दुसरीकडे गेला, नियम राहिला. शिवाय ‘मिळून दोन’ हे शब्द बाईंनी ‘प्रत्येकी दोन’ असे वाचले होते. आता हिशेब करा. दोन मेगाबिट म्हणजे दोन हजार किलोबिट. तीस संगणकांत वाटले तर प्रत्येकाला सदुसष्टच्या आसपास. १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने आपल्याकडे इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. त्यानंतरच्या काळात टेलिफोनवर कुरकुरणारे मोडेम अठ्ठावीसचा वेग देत. शंभरची लाइन घेऊन मुले त्याच्या जेमतेम दुपटीवर बसली होती. त्यातही याच दोनमध्ये, मागाहून बसवलेले आठ कॅमेरे आपले चित्रण बाहेरच्या साठवणीत पाठवत होते.

(जाता जाता एक सांगतो. विकणारा सांगतो ते मेगाबिट आणि फाइलच्या आकारात दिसतात ते मेगाबाइट. दोन्हींत आठपटीचा फरक. काही डबे मर्यादा किलोबिटमध्ये विचारतात, काही किलोबाइटमध्ये. आकडा न बघता भरला की माणूस स्वतःच आपला गळा आठपट आवळतो.)

नियम वर सरकवला तरी दहा मिनिटे काहीच फरक पडेना. बाईंचा चेहरा पुन्हा उतरला. जुनी जोडणी तुटेपर्यंत डबा बऱ्याचदा तिला जुनाच नियम लावत राहतो. संगणक बंद करून पुन्हा चालू केले, आणि मुलीचा दाखला घोट घेतल्यासारखा गेला.

येथे गोष्ट संपायला हवी होती. मुख्याध्यापक खूश होऊन म्हणाले, ‘‘मग ही मर्यादाच नको. सगळ्यांना मोकळे सोडा.’’ सोडले. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सारी शाळा ठप्प! कॅमेऱ्यांच्या यंत्रात महिनोन् महिने तुंबलेले चित्रण मोकळी वाट मिळताच बाहेर धावू लागले होते. वर जाणारा वीसचा रस्ता त्याने भरून टाकला. कार्यालयातून पगाराची यादीही जाईना.

ही चूक नवी नाही, आणि ती थोरामोठ्यांच्याही वाट्याला आली आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कले येथे, जेमतेम चारशे यार्डांवरच्या दोन संस्थांमधला वेग सेकंदाला बत्तीस हजार बिटांवरून चक्क चाळीस बिटांवर घसरला. वायर तुटली नव्हती. पोच मिळाली नाही की जो तो तीच पुडी पुन्हा पुन्हा पाठवत होता. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा छडा लावला आणि गर्दी दिसली की प्रत्येकाने आपणहून हात आखडता घ्यावा अशी रीत बसवली. आजही आपल्या फोनमध्ये त्या घराण्याची रीत चालते. पण ती प्रत्येक जोडणीला सारखे मानते. दाखला आणि कॅमेऱ्याचे चित्रण यांतला फरक तिला कळत नाही. तो माणसांनीच सांगावा लागतो.

आणि हा फरक कसा करायचा याचा धडा पुणे जिल्ह्यातच गिरवला गेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणशी द्यायचे: डोई अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा होता आणि उसाला बंदी होती. ज्याची जमीन मोठी त्याची मोरी मोठी, हा हिशेबच त्यांनी मोडला. ऊस वाईट म्हणून बंदी नव्हती. तो टेलचे पाणी पितो म्हणून होती.

आम्ही शाळेत जवळजवळ तेच केले. ‘मिळून’ हा शब्द काढून संगणक कक्षातल्या प्रत्येक यंत्राला सारखा वाटा दिला. एकाने कितीही ओढले तरी शेजाऱ्याचा हलत नाही. कार्यालयाला थोडे राखीव ठेवले. कॅमेरे म्हणजे आमचा ऊस. त्यांना दिवसा एक मेगाबिट आणि रात्री अकरानंतर मोकळे रान. कॅमेऱ्यांचे काम पाहणाऱ्या गृहस्थांना हे फारसे रुचले नाही. चित्रण शाळेतल्या यंत्रात साठतेच आहे, बाहेर फक्त उशिरा जाईल, हे त्यांना दोनदा सांगावे लागले.

देशात २०११ पासून ग्रामपंचायतींपर्यंत शंभर मेगाबिट नेण्याची योजना चालू आहे, आज तिचे नाव भारतनेट. तिची चर्चा होते तेव्हा केबल किती किलोमीटर पडली याची होते. ती केबल ज्या डब्यात शिरते, त्या डब्यातली यादी कोणी लिहिली आणि शेवटची कधी वाचली, हा प्रश्न मी तरी कोणत्या बैठकीत ऐकलेला नाही. घरीही तसेच आहे. संध्याकाळी मुलीचा ऑनलाइन तास अडखळतो, आपण लाइनवाल्याला फोन करतो, आणि त्याच वेळी आपलाच फोन खिशातल्या खिशात लग्नातले चारशे फोटो वर चढवत असतो.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कक्षातले सारे अर्ज गेले. त्या मुलीचा आदल्या दिवशीच गेला होता. ती तरी आली होती, मैत्रिणींना दाखले चढवून द्यायला. बाईंनी एक वही केली: नियम कोणता, कोणी घातला, कशासाठी, कधीपर्यंत. ती दोरीने कपाटाला बांधली. पहिल्या ओळीत २०२० चा तो जुना नियम लिहिला आणि ‘कोणी घातला’ या रकान्यात काय लिहावे म्हणून त्या बराच वेळ पेन धरून उभ्या होत्या. शेवटी मामांनीच नाव सांगितले. नियम घालताना शिडी त्यांनी धरली होती.