मंडळी कोण सांभाळतं?

देवळाली प्रवरा, राहुरी, श्रीरामपूर हा पट्टा उसाचा आणि साखर कारखान्यांचा म्हणून सगळ्यांना माहीत आहे. मराठी ख्रिस्ती समाजाचंही हे जुनं माहेर आहे, हे मात्र नगर जिल्ह्याबाहेर फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशनने १८३१ साली नगरला ठाणं मांडलं आणि तिथून काम राहुरीकडे, खेड्यापाड्यांत पसरलं. चर्चच्या नेतृत्वाची चर्चा निघाली की ती हमखास बिशपांच्या नेमणुका, समित्यांच्या निवडणुका आणि जमिनींच्या दाव्यांवर जाऊन अडकते. हे विषय खोटे नाहीत. पण या भागातल्या मंडळ्या, म्हणजे गावोगावचे ख्रिस्ती उपासक समुदाय, पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या त्या प्रामुख्याने पाळकपदाची दीक्षा न घेतलेल्या माणसांच्या रोजच्या प्रार्थनेच्या नेमामुळे, असं इतिहास चाळताना दिसतं. आणि तसं असेल तर पाळकाचं काम मोजण्याचं मापही बदलायला हवं.

नगरच्या मिशनमध्ये हरिपंत खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली ती १८५४ साली, म्हणजे ठाणं पडल्यावर तेवीस वर्षांनी. त्यानंतरही पाळक मोजके आणि गावं पुष्कळ, हे गणित कधी जुळलंच नाही. गावात असायचा तो शाळामास्तर. आठवडाभर पोरांना बाराखडी शिकवणारा तोच माणूस रविवारी उपासना चालवायचा, कुणी आजारी पडलं की तोच प्रार्थनेला जायचा. बायाबापड्यांपर्यंत पोचायच्या त्या घरोघरी बायबल वाचून दाखवणाऱ्या ‘बायबल स्त्रिया’. कॅथलिकांकडेही फादर एका केंद्रावर राहणार आणि वाड्यावस्त्यांवर जमेल तेव्हा येणार. मधल्या दिवसांची जपमाळ घरच्यांनी आणि मास्तरांनीच चालवायची. शेजारच्या हरेगावला १९४९ पासून दर सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा भरते. तिथली गर्दी सगळ्यांना दिसते, पण जपमाळेची सवय घरात मुरलेली नसती तर त्या गर्दीची नुसती जत्रा झाली असती.

घरच्या प्रार्थनेचा हा नेम जवळून पाहिला तर अगदी साधा आहे. दिवेलागण झाली, स्वयंपाक आटोपत आला की घरातली माणसं जमतात. एक गीत, एक शास्त्रपाठ, मग प्रार्थना. पाठ वाचायचा तो बहुधा शाळकरी पोराने. ‘नबुखद्नेस्सर’ला ते अडखळलं की आजी चुलीजवळून दुरुस्त करते, तिला वाचता येत असेलच असं नाही, पण ऐकून ऐकून पाठ झालेलं असतं. प्रार्थनेत आजारी शेजारी येतो, दहावीची परीक्षा येते, पाऊस येतो, उसाचं अडकलेलं पेमेंटही येतं. या बैठकीची नोंद कुठल्याच अहवालात होत नाही.

नेम आणि संस्था यांचं नातं कवी नारायण वामन टिळकांच्या आयुष्यात सर्वांत ठसठशीत दिसतं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले टिळक नगरला मिशनच्या कामात आले, १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पगारी नोकर होऊन प्रार्थना करण्यातला अवघडपणा त्यांना सलत राहिला. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला. तिथे बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. १९१९ साली ते वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. इथे कुणीही म्हणेल की संस्थेवाचून भक्ती विरून जाते, याचाच हा पुरावा. मला तो पुरावा अर्धाच वाटतो. दरबार मोडला, पण टिळकांची भजनं आजही रविवारी आणि घराघरांत म्हटली जातात. आता ती पोचली कशी, हेही सांगितलं पाहिजे: ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक छापणाऱ्या, पोरांना चाली शिकवणाऱ्या मंडळ्यांमुळेच. तेव्हा संस्था हवीच. ती रोजच्या नेमाला रसद पुरवते की नाही, एवढंच पाहायचं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घरोघरी जो तो आपल्या मनाने शास्त्र वाचू लागला तर शिकवण भरकटेल, कुणीही चमत्काराची सभा भरवून माणसं ओढून नेईल. ही भीती खरी आहे आणि म्हणूनच पाळक घडवणारं नगरचं धर्मशिक्षण विद्यालय ही चैन नव्हती. तरी स्वतः रोज वाचणाऱ्या घराला फसवणं अवघड जातं, हेही तितकंच खरं. राहिला यांत्रिकपणाचा मुद्दा. तेच गीत, तेच शब्द, मन भलतीकडे; हे होतंच. त्यावर उपाय आहे गृहभेटींचा. पाळक रविवारचं प्रवचन कसं देतो यापेक्षा मंगळवारी संध्याकाळी कुणाच्या ओट्यावर बसून अवघड उतारा उलगडून सांगतो का, याला मी जास्त गुण देईन. (जमिनींचे दावे आणि हिशेब यातून सुटणार नाहीत, हे कबूल. तिथे लेखापरीक्षकच लागतो, प्रार्थनेवर भागत नाही.)

हेच माप मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पाळकीय समितीलाही लावायला हवं. तिच्या निवडणुकीत उमेदवाराचं घराणं, वक्तृत्व, ओळखीपाळखी सगळं चर्चेत येतं. मंडळीतल्या महिला संगतीच्या बैठका वर्षानुवर्षं चालवणाऱ्या, पोरांकडून शास्त्रपाठ करून घेणाऱ्या बायांपैकी किती जणी त्या समितीत आहेत, हे प्रत्येक मंडळीने आपापल्या यादीवर बोट ठेवून पाहावं.