यंत्रशाळेतील यारी

लेथवर चढवावयाचा पोलादी ठोकळा एक टन वजनाचा असेल, तर चार-सहा गड्यांनी जोर लावूनही तो जागचा हलत नाही. आणि हललाच, तर कोणाच्या बोटांवर येईल याचा नेम नसतो. अशा ठिकाणी यंत्राशेजारी एक उभा खांब, त्याला काटकोनात जोडलेला आडवा हात आणि त्या हातावरून मागेपुढे सरकणारी साखळी-कप्पी अशी योजना केलेली आढळते. हीच भुजायारी; कारखान्याच्या बोलीत जिब क्रेन.

हा हात मोडेल काय, अशी शंका पाहणाऱ्याच्या मनात प्रथम येते. वास्तविक खरा प्रश्न हाताचा नसून, तो ज्याला धरून उभा आहे त्याच्या बळाचा असतो. भिंतीत रोवलेल्या तुळईच्या टोकाशी वजन टांगले असता काय घडते, याचा विचार गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केला होता. तेव्हा प्रश्न जुनाच आहे. हात चार मीटर लांब व टोकाशी एक टन भार असेल, तर उलथवू पाहणारे परिबल चार टन-मीटर होते. भिंतीवरील यारीचे दोन कंस एकमेकांपासून एक मीटर अंतरावर असतील, तर वरचा कंस भिंतीला चार टनांच्या जोराने बाहेर खेचतो आणि खालचा तितक्याच जोराने आत रेटतो. उचलला एक टन, पण ओढ बसली चार टनांची! हाताचे स्वतःचे वजन वेगळेच. कंसांतील अंतर दुप्पट केले की ओढ निम्म्यावर येते. विटांची भिंत वरून येणारा भार निमूटपणे सोसते. आडवी ओढ मात्र तिला मानवत नाही. म्हणून ही यारी बहुधा इमारतीच्या पोलादी खांबाला जखडतात, आणि तो खांबही या कामास पुरेसा आहे की नाही, हे आधी गणिताने पडताळावे लागते.

तसा खांब नसेल तेथे यारीला स्वतःच्या पायावर उभे करावे लागते. तिचे सारे परिबल जमिनीत उतरते; त्यासाठी जाड काँक्रीटचा पाया घालून त्यात पुरलेल्या बोल्टांनी खांबाचा तळ आवळतात. नुसत्या फरशीत बोल्ट ठोकून भागत नाही. खर्च अधिक, पण हात पूर्ण वर्तुळात फिरतो. चार मीटरांच्या हाताखाली सुमारे ५० चौरस मीटर जागा येते. भिंतीवरील यारीच्या वाट्याला साधारण तिच्या निम्मी.

तिसऱ्या प्रकारात खांब खाली जमिनीवर टेकतो व वर छताच्या गर्डरला अडकतो. दोन टोकांत पाच मीटर अंतर असल्यास वरील उदाहरणातील ओढ अवघी ८०० किलोग्रॅम भरते व मोठ्या पायाची गरज उरत नाही. गर्डर मात्र आडवा जोर सोसणारा हवा. याखेरीज कोपरासारखा सांधा असलेल्या किंवा भिंतीलगतच्या रुळांवरून धावणाऱ्या याऱ्याही असतात.

खांब किंचितही कलला असेल, तर भारासह हात आपोआप उताराकडे फिरू लागतो. म्हणून जाणता मिस्त्री प्रथम ओळंबा धरतो, रिकामा हात चोहोकडे फिरवून जेथे सोडावा तेथेच तो थांबतो की नाही ते पाहतो, आणि मगच पहिला भार आकड्याला लावू देतो.