सौर पॅनेलांच्या ओळींमधील अंतर

जमिनीवर उभारलेल्या सौर ऊर्जा प्रकल्पात पुढच्या ओळीची सावली मागच्या ओळीवर पडू नये, यासाठी दोन ओळींमध्ये मोकळी जागा सोडतात. हे अंतर स्थळाचा अक्षांश, पॅनेलांचा कल व त्यांची उंची आणि जमिनीचा उतार यांवर ठरते.

सावलीचा परिणाम

पॅनेलमधील सौर घट एकसर जोडणीत असतात; त्यामुळे एका घटावर सावली पडली तरी त्याच्याशी जोडलेल्या इतर घटांतील प्रवाहही कमी होतो. बहुतेक पॅनेलांत घटांचे तीन गट असून प्रत्येक गटाला बायपास डायोड असतो. सावलीतील गट वगळून हा डायोड प्रवाह पुढे जाऊ देतो. परंतु पॅनेल उभे बसवलेले असल्यास खालच्या कडेवरील सावलीची अरुंद पट्टीही तिन्ही गटांना व्यापते. आडव्या पॅनेलमध्ये तीच पट्टी साधारणतः एकाच गटापुरती मर्यादित राहते.

गणना

भारतात पॅनेल दक्षिणाभिमुख असतात आणि उत्तरेकडे पडणारी सावली २१-२२ डिसेंबरच्या सुमारास सर्वाधिक लांबते. म्हणून त्या दिवशी सौरवेळेनुसार सकाळी ९ ते दुपारी ३ या काळात सावली पडू नये, असा निकष सामान्यतः धरतात.

नागपूरच्या पूर्व भागातील कळमना सुमारे २१.१५° उत्तर अक्षांशावर आहे. तेथे त्या दिवशी माध्यान्ही सूर्याचा उन्नतांश ४५.४° असतो. सकाळी ९ वाजता (भारतीय प्रमाणवेळेनुसार सुमारे ९.१२) तो २७.५° असून सूर्य दक्षिणेपासून ४७° पूर्वेकडे असतो. त्या वेळी १ मीटर उंचीची सावली १.९२ मीटर लांब, पण तिरपी पडते. तिचा उत्तरेकडील विस्तार १.३१ मीटर भरतो. पॅनेलांच्या वरच्या व खालच्या कडांच्या उंचीतील फरकाला या संख्येने गुणले की सपाट जमिनीवरील किमान अंतर मिळते.

उदाहरणार्थ, ४ मीटर रुंदीची ओळ २१° कलात बसवल्यास उंचीतील फरक १.४३ मीटर व आवश्यक अंतर १.८८ मीटर येते. प्रत्येक ओळीस एकूण ५.६१ मीटर जागा लागते. कल १५° केल्यास ५.२२ मीटर पुरते. म्हणजे सुमारे ७ टक्के जमीन वाचते, मात्र हिवाळ्यातील उत्पादन काहीसे घटते. दक्षिणेकडे उतरणाऱ्या जमिनीवर अंतर कमी लागते, उत्तरेकडे उतरणाऱ्या जमिनीवर जास्त.

जमिनीचा वापर

महाराष्ट्रात २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत कृषिपंपांना दिवसा वीज देण्यासाठी शेतकऱ्यांची जमीनही भाडेपट्ट्याने घेतली जाते. अंतर वाढवल्यास तेवढ्याच क्षमतेसाठी जास्त जमीन अडकते. ते फार कमी ठेवल्यास रब्बी पिकांच्या सिंचनाच्या काळातच सकाळ-संध्याकाळचे उत्पादन घटते. त्यामुळे उत्पादनातील घट व जमिनीचा खर्च यांची तुलना करून अंतर निश्चित केले जाते. पॅनेल धुण्यासाठी व गवत काढण्यासाठी ये-जा करता येईल इतकी वाटही त्यात धरावी लागते.