पेशीतला ‘उतारा’ धावताना दिसला! एमआरएनएवर नजर कशी ठेवतात? जाणून घ्या सोप्या भाषेत

कोरोना लसीकरणाच्या काळात ‘एमआरएनए’ हा शब्द गावागावांत पोचला. सोबत ‘ही लस माणसाचा डीएनए बदलते’ असे व्हॉट्सअ‍ॅप मेसेजही फिरले. पण हा एमआरएनए पेशीत नेमकं करतो काय? शास्त्रज्ञांनी तो जिवंत पेशीत चालता-फिरताना पाहिला आहे.

एमआरएनए म्हणजे काय?
सातबाऱ्याचं मूळ दप्तर जागेवरच राहतं, आपल्या हातात येतो तो उतारा. पेशीचंही तसंच. डीएनए केंद्रकातच राहतो. त्यातल्या हव्या त्या भागाची नक्कल, म्हणजे एमआरएनए, बाहेर येते. ती वाचून रायबोसोम प्रथिनं तयार करतात. काम झालं की नक्कल मोडली जाते.

तो दिसतो कसा?
एमआरएनए इतका बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. म्हणून एक युक्ती केली गेली. जिवाणूंना ग्रासणाऱ्या ‘एमएस२’ विषाणूचं एक प्रथिन आरएनएच्या ठराविक वळशालाच घट्ट चिकटतं. शास्त्रज्ञांनी एमआरएनएमध्ये असे २४ वळसे बसवले आणि त्या प्रथिनाला जेलीफिशचं हिरवं चमकणारं प्रथिन जोडलं. अंधारात गुराच्या गळ्यात बॅटरी बांधावी तसं झालं. एकेक एमआरएनए हिरवा ठिपका होऊन दिसू लागला.

न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमधील रॉबर्ट सिंगर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ही पद्धत आधी यीस्टमध्ये वापरली. २००३ मध्ये सस्तन प्राण्याच्या जिवंत पेशीतही एकेक एमआरएनए टिपला गेला.

काय आढळलं?
काही ठिपके जागेवरच थांबलेले, काही इकडेतिकडे भटकणारे, तर काही सरळ धावणारे. एकच एमआरएनए मध्येच चालही बदलतो. अ‍ॅक्टिन प्रथिनाच्या एमआरएनएमध्ये ‘पत्ता’ सांगणारा तुकडा असतो. तो जोडला की सरळ धाव जास्त वेळा आणि जास्त लांब होते.

मग लसीचं काय?
पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली. लसीतला एमआरएनए केंद्रकाबाहेरच वाचला जातो आणि नंतर मोडतो. त्यामुळे असा मेसेज आला तर पुढे ढकलण्याआधी एवढं लक्षात ठेवा: उतारा काढल्यानं मूळ दप्तरात फेरफार होत नाही.