अन्नद्वेष : दोष अग्नीचा की मनाचा?

काही वर्षांपूर्वी १९ वर्षांच्या एका मुलीस तिची आई आमच्याकडे घेऊन आली. भूक नाही, पाळी बंद, वजन ३५ किलो. आम्ही अरोचकाचे निदान करून दीपन-पाचन सुरू केले. महिन्याभरात वजन आणखी दोन किलोंनी घटले. पुढे उलगडा झाला तो असा की, मुलीस भूक लागत होती. ती पाककृतींची वही लिहीत असे, घरच्यांना आग्रहाने वाढीत असे आणि स्वतः अर्ध्या पोळीवर उठत असे. निदानातील चूक सर्वस्वी आमची होती.

या व्याधीस ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव १८७४ साली लंडनच्या विल्यम गल यांनी दिले. नावाचा अर्थ भूक नसणे. तेथेच दिशाभूल होते. तोंडात घातलेले अन्न न रुचणे वेगळे आणि अन्नाच्या नुसत्या विचाराने मन मागे फिरणे वेगळे, हा अरोचक व भक्तद्वेष यांतील भेद आपल्या टीकाकारांनी केलेलाच आहे. आता अशा रुग्णेस आम्ही 'भूक लागल्यावर काय करतेस?' असे विचारतो.

मन असे ताठर का होते? १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले गेले. तेही अन्नाचाच ध्यास घेऊन पाककृतींची पुस्तके वाचू लागले. म्हणजे लंघनानेही मन जखडते. म्हणून आधी पोषण. तेही सावकाश, कारण दीर्घ उपासानंतर एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट घसरून प्राणावर बेतू शकते. संसर्जन क्रमाचे मर्म जाणणाऱ्या वैद्यांस यात नवल वाटणार नाही. मात्र येथे रक्ततपासणी व रुग्णालय यांविना पेयादि क्रमावर विसंबू नये.

जखडलेले मन सैल करण्याचे प्रयत्न लंडनच्या किंग्ज कॉलेजात झाले. केट चांतुरिया यांच्या पद्धतीत रुग्णेशी अन्न वा वजन यांविषयी बोलतच नाहीत; आकृत्या, कोडी, सवयीच्या कामांत छोटे बदल, अशा आठ-दहा बैठका होतात. विचारांची लवचिकता वाढते, वजनावर परिणाम मात्र ठामपणे दिसलेला नाही. सत्त्वावजयाशी याचे नाते आम्हांस जाणवते. तेथेच जुनाट व्याधीच्या ३४ रुग्णांवर चुंबकीय मस्तिष्क-उत्तेजनाची चाचणी झाली. २०१८ च्या निष्कर्षांत वजनातील फरक अल्प, मनःस्थितीतील सुधारणा अधिक होती. टोरांटो येथे आंद्रेस लोझानो व सहकाऱ्यांनी १६ स्त्रियांच्या मेंदूत विद्युत्-अग्रे बसविली. वर्षभरात त्यांचा सरासरी शरीरभारांक सुमारे १३.८ वरून १७.३ वर गेला (२०१७). तुलनेस दुसरा गट नव्हता, आणि ही शस्त्रक्रिया आहे हे विसरता येत नाही.

ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत चुंबकीय उत्तेजन या विकारांसाठी देऊ नये असे म्हटले. त्याच वाक्यात योगाचेही नाव आहे! आम्हांस ते बोचले. पण पुराव्याची मागणी दोघांकडे सारखीच आहे. मुंबई-पुण्यात हे यंत्र असणारे मनोविकारतज्ज्ञ ते मुख्यत्वे नैराश्यासाठी वापरतात.

त्या मुलीस आम्ही मनोविकारतज्ज्ञ व फिजिशियन यांच्याकडे पाठविले. आमच्याकडे उरले ते आईशी दर पंधरवड्याचे बोलणे आणि मऊ भात, मुगाचे कढण यांचे वाढते प्रमाण. पाळी परत आली ती चौदा महिन्यांनी.