सुरतेचा धागा आणि मोटारीचे बॉनेट

सुरत हे शहर पिढ्यान्‌पिढ्या धाग्यावर जगत आले आहे. तापीच्या काठी एके काळी जरीचा आणि सुती कापडाचा व्यापार भरभराटला. आज त्याच शहरात कृत्रिम धाग्याचे माग अहोरात्र धडधडत असतात आणि लिंबायत, उधना, डिंडोली या वस्त्यांतून खानदेशी मराठी माणसे त्या मागांवर पाळ्या करीत असतात. या शहराच्या उंबरठ्यावर, हजिरा येथे, वर्षाला वीस हजार टन कार्बन फायबर तयार करणारा कारखाना उभारण्याचा संकल्प रिलायन्स उद्योगसमूहाने ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केला आणि जानेवारी २०२४ मध्ये गांधीनगरच्या ‘व्हायब्रंट गुजरात’ परिषदेत त्याचा पुनरुच्चार केला. सुरतेच्या धाग्याला लाभलेला हा नवा अवतार स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

परंतु कारखान्याच्या आधीच कार्बन फायबरची हौस शहरात येऊन पोहोचली आहे. रस्त्यावरच्या साध्या मोटारीचे पोलादी बॉनेट काढून त्या जागी काळ्या, चकचकीत, विणकाम दिसणाऱ्या कार्बन फायबरचे बॉनेट बसविण्याचे आकर्षण सधन तरुणांत वाढत आहे. सुरतेत मोटार ही आता केवळ पेढीवाल्याची मिरास राहिलेली नाही. तेथील एका हिरे व्यवसायाने २०१६ च्या दिवाळीत आपल्या कामगारांना बाराशेहून अधिक मोटारी बक्षीस दिल्याचे वाचकांना स्मरत असेल. मोटार घरोघरी आली की तिला नटविण्याची इच्छाही मागोमाग येते. त्या इच्छेला आम्ही नावे ठेवीत नाही. मात्र हे बॉनेट सुरक्षित आहे काय आणि त्यासाठी मोजलेले पैसे सार्थकी लागतात काय, हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर त्याची किंमत मोटारीच्या मालकापेक्षा रस्त्याने पायी चालणारा मनुष्य अधिक मोजतो.

प्रथम वस्तू समजून घेऊ. स्वेटर विणण्याची जी ॲक्रिलिक लोकर आपल्या घरोघरी आहे, तिच्याच कुळातला पॉलिॲक्रिलोनायट्राइल हा धागा बहुतेक कार्बन फायबरचे मूळ होय. तो आधी दोनशे ते तीनशे अंशांच्या उष्णतेत ताणून शिजवतात आणि नंतर प्राणवायू नसलेल्या भट्टीत हजार अंशांच्या वर तापवितात. धाग्याचे जवळजवळ निम्मे वजन वायुरूपाने निघून जाते व उरतो तो केसाहून बारीक, पण पोलादाला लाजविणारा कार्बनचा तंतू. हे तंतू विणून, राळेत भिजवून, साच्यात दाबून आणि उष्णतेने पक्के करून जो पत्रा बनतो, त्याची घनता पोलादाच्या सुमारे एक-पंचमांश असते. धागा, वीण आणि खळ ही भाषा ज्या शहराला जन्मापासून येते, त्या सुरतेला हे शास्त्र परके वाटू नये.

या तंतूचा लौकिक मोठा आहे आणि तो खरा आहे. १९६० च्या दशकात जपानमधील ओसाका आणि इंग्लंडमधील फार्नबरो येथील संशोधकांनी तो व्यवहारात आणला. १९८१ साली मॅक्लारेन कंपनीने आपल्या शर्यतीच्या मोटारीचा सांगाडाच कार्बन फायबरचा केला. त्याच वर्षी इटलीतील मोंझा येथे जॉन वॉटसन या चालकाची ती मोटार कठड्यावर आदळून तिचे दोन तुकडे झाले, तरी चालक पायी चालत बाहेर आला. आपल्या देशातही ‘तेजस’ या लढाऊ विमानाच्या बांधणीत कार्बन फायबरचा मोठा वाटा आहे. या उदाहरणांचा आधार घेऊन विक्रेते सांगतात की, जे विमानाला आणि शर्यतीच्या मोटारीला चालते ते तुमच्या मोटारीला का चालू नये? युक्तिवाद गोड आहे. पण त्यात एक मेख आहे. मोंझाच्या धावपट्टीवर भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडणारी म्हातारी नसते. उधन्याच्या रस्त्यावर ती असते.

बॉनेट म्हणजे इंजिनावरचे झाकण एवढीच आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात त्या पत्र्यावर आणखी दोन कामे सोपविलेली असतात. समोरून टक्कर झाली असता मूळ बॉनेट ठरविलेल्या रेषेवर मध्येच दुमडते, आणि त्याच्या बिजागऱ्या अशा बेताने केलेल्या असतात की, ते मागे सरकून काच फोडून चालकाच्या अंगावर येऊ नये. दुसरे काम याहून नाजूक आहे. मोटारीची धडक बसलेला पादचारी बहुधा बॉनेटवर आदळतो आणि त्याचे डोके त्या पत्र्यावर आपटते. पत्रा दबला, त्याखाली इंजिनापर्यंत थोडी मोकळी जागा असली, तर डोक्याचा वेग सावकाश कमी होतो व माणूस जगण्याची शक्यता वाढते. म्हणूनच २००८ च्या जागतिक नियमावलीत मुलाच्या डोक्यासाठी साडेतीन किलोचा आणि प्रौढासाठी साडेचार किलोचा कृत्रिम गोळा ताशी ३५ किलोमीटर वेगाने बॉनेटवर आपटून चाचणी घेण्याची पद्धत घालून दिली आहे. आपल्याकडे एआयएस-१०० हे मानक याच हेतूने लागू झाले. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या तारांकनातही वरच्या श्रेणीच्या मोटारींना पादचाऱ्याच्या रक्षणाची ही अट पाळावी लागते.

या अटीमागे केवढे दुःख आहे, हे आकड्यांवरून कळेल. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली; त्यांपैकी ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती. पाळी सुटल्यावर डबा हातात घेऊन घरी निघालेला मागवाला, शाळेतून परतणारी मुले, हातगाडी ढकलणारा फेरीवाला हेच आपले पादचारी. त्यांच्या अंगावर ना पट्टा असतो ना हवेची पिशवी. समोरच्या मोटारीचा दबणारा पत्रा एवढेच त्यांचे संरक्षण.

आता कार्बन फायबरचा स्वभाव पाहा. पोलाद वाकते, चेपते आणि चेपताना धक्का पोटात घेते. कार्बन फायबर वाकून तसेच राहत नाही. ते एका मर्यादेपर्यंत ताठ राहते आणि नंतर तुटते. नीट आराखडा केला तर तुटतानाही ते प्रचंड ऊर्जा शोषून घेऊ शकते, शर्यतीच्या मोटारीत नेमके हेच साधले आहे. पण त्यासाठी थर कोणत्या दिशेने घालावयाचे, कोठे जाड आणि कोठे पातळ ठेवावयाचे, याचे गणित आणि मागोमाग चाचण्या लागतात. ज्या मोटार कंपन्या स्वतःच असे बॉनेट बसवून मोटार विकतात, त्यांनी हे गणित केलेले असते. अमेरिकेतील २००४ सालच्या कॉर्व्हेट झेड-०६ या गाडीच्या विशेष आवृत्तीला कारखान्यातूनच असे बॉनेट मिळाले होते. बाजारातून आणलेल्या बॉनेटच्या मागे हे गणित आहे की नाही, हे ग्राहकाला कोण सांगणार? ते फार ताठ असेल तर पादचाऱ्याच्या डोक्याला दगडासारखे लागेल; फार तकलादू असेल तर धारदार तुकडे होतील.

खटक्याचा प्रश्न तर याहूनही साधा आणि म्हणूनच अधिक दुर्लक्षित आहे. हलके बॉनेट कडांना नीट बसले नाही, त्याच्या खटक्याची जागा पुरेशी मजबूत केलेली नसली, तर महामार्गाच्या वेगात वारा त्याखाली शिरतो, ते थरथरू लागते आणि एखाद्या क्षणी उघडून काचेवर आपटते. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर कडोदऱ्याजवळ मालमोटारींच्या रांगेत चालकाची दृष्टी एका निमिषात बंद झाली, तर काय होईल याची कल्पनाच केलेली बरी. खटक्यासोबत जास्तीच्या खिळ्या बसविणे हा शर्यतवाल्यांचा जुना उपाय आहे. पण पादचाऱ्याच्या दृष्टीने बॉनेटवर उभे राहिलेले ते लोखंडी खुंटच होत.

आणखी एक गोष्ट आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना विशेष कळावी अशी आहे. कार्बन हा विजेचा वाहक आहे. खारट दमट हवेत तो ॲल्युमिनियमला किंवा पोलादाला थेट टेकला, तर त्या सांध्यात लहानशी विद्युत्‌घटमाला तयार होते आणि धातू झिजू लागतो. कार्बनला मात्र काही होत नाही. सुरत असो, वलसाड असो की रत्नागिरी-पणजी असो, आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने आणि समुद्राची खारी हवा बारा महिने असते. बिजागरी आणि खटका यांच्या जागी मध्ये विद्युत्‌रोधक थर घातलेला नसेल, तर बॉनेट चकाकत राहील आणि ते धरून ठेवणारे बोल्ट आतून कुजतील. वैशाखाच्या उन्हात काळा पृष्ठभाग अतोनात तापतो, खालून इंजिनाची धग असते. हलक्या प्रतीची राळ अशा उष्णतेत मऊ पडते आणि तिच्यावरचा पारदर्शक थर पिवळा होतो. पोलादी पत्रा चेपला तर गल्लीतला डेंटर तो ठोकून सरळ करतो. कार्बनच्या थरांत आतल्या आत पडलेली फट वरून दिसतही नाही.

आणि हे सारे कशासाठी? वजन कमी व्हावे म्हणून! हिशेबच करू. हजार किलोच्या मोटारीत बॉनेट बदलून आठ किलो वाचले, असे धरू. मोटारीचे वजन दहा टक्के घटले तर इंधनाची बचत सहा ते आठ टक्के होते, असे सर्वसाधारण प्रमाण मानतात. म्हणजे आठ किलोंनी बचत होईल ती अर्ध्या टक्क्याहून किंचित अधिक. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालणारी आणि लिटरला पंधरा किलोमीटर धावणारी मोटार यातून सुमारे चार लिटर पेट्रोल वाचवील. लिटरला शंभर रुपये धरले तरी ही बचत चारशे रुपयांची. बॉनेटची किंमत समजा चाळीस हजार असेल, तर ते वसूल व्हायला शंभर वर्षे लागतील! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण अशाच व्यवहारासाठी झाली असावी. शिवाय बाजारात काचतंतूच्या पत्र्यावर कार्बनचा एकच दिखाऊ थर चढवून ‘कार्बन’ म्हणून विकला जाणारा माल आहेच; त्यात वजनही फारसे वाचत नाही.

यावर कोणी म्हणेल, मोटार माझी, पैसा माझा, हौसही माझी. वर्तमानपत्राने मध्ये का बोलावे? आक्षेप रास्त आहे. घराच्या भिंतीला सोन्याचा मुलामा द्यायचा असेल तर ज्याने त्याने द्यावा. परंतु रस्ता हा कोणाच्या घराचा दिवाणखाना नाही. मोटारीचे तोंड ज्या क्षणी रस्त्याकडे वळते, त्या क्षणी ते बॉनेट सार्वजनिक वस्तू बनते. याच न्यायाने केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये मोटारींपुढचे लोखंडी कठडे काढावयास लावण्याविषयी राज्यांना कळविले होते. उत्पादकाने ठरविलेल्या मूळ रचनेविरुद्ध मोटारीत फेरफार करता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. बॉनेट बदलणे हा कायद्याच्या अर्थाने फेरफार ठरतो काय, यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा; अपघातानंतर विमा कंपनी तो वाद घालील तेव्हा मालकाची कोंडी होईल, एवढे निश्चित.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. कारखान्यातून चाचणी होऊन आलेल्या कार्बन फायबरच्या बॉनेटला आमची हरकत नाही. सुट्या बाजारात विकल्या जाणाऱ्या बॉनेटला मात्र पादचारी-सुरक्षेची चाचणी सक्तीची करावी, ती उत्तीर्ण झाल्याची खूण मालावर असावी आणि अशी खूण नसलेले बॉनेट बसविणाऱ्या गॅरेजला जबाबदार धरावे. परिवहन खात्याला हे अशक्य नाही. त्यासाठी इच्छा हवी.

आणि तरुण मालकांनाही आमचे सांगणे आहे. हजिऱ्याच्या धाग्याला करण्याजोगी थोर कामे पुष्कळ आहेत. पवनचक्क्यांची लांब पाती, वायूच्या हलक्या टाक्या, जुन्या पुलांच्या खांबांना घालावयाचे वेढे आणि अपंगांचे कृत्रिम पाय, या साऱ्यांत कार्बन फायबर माणसाच्या उपयोगी पडते. सोन्याची सुरी झाली म्हणून ती कोणी पोटात मारून घेत नाही. मग ती दुसऱ्याच्या अंगावर रोखून रस्त्याने हिंडण्याचा अधिकार तरी कोणाला असावा? ज्या मागवाल्यांच्या श्रमावर सुरतेचे वैभव उभे आहे, त्यांना पाळी संपवून सुखरूप घरी जाता आले पाहिजे. मोटारीचे बॉनेट कशाचे असावे, याचा निर्णय त्यांच्याकडे पाहून व्हावा, आरशाकडे पाहून नव्हे.