कर्करोगाची शुश्रूषा आणि सीमेवरचे दोन तालुके

कर्करोगाच्या शिक्षणाचा विषय निघाला की डोळ्यांपुढे एखाद्या मोठ्या शहरातील मोठे रुग्णालय उभे राहते. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधोपचार या तिन्ही गोष्टी बहुधा तेथेच व्हावयाच्या, त्यामुळे ते स्वाभाविकही आहे. परंतु रोगी वाचणार की नाही, याचा निकाल पुष्कळदा तो रुग्णालयाच्या दारात पोचण्यापूर्वीच लागलेला असतो. आणि कधी कधी तो तेथून घरी परतल्यानंतर लागतो. या दोन्ही वेळी रोग्याच्या जवळ असते ती उपकेंद्रावरची परिचारिका किंवा तालुक्याच्या दवाखान्यातील तरुण डॉक्टर. शिकत असताना या दोघांच्या हाती नेमके काय पडते, हे म्हणूनच पाहण्यासारखे आहे.

मध्यप्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांवरून हा प्रश्न चांगला उमगतो. छिंदवाडा जिल्ह्यातून हे तालुके बाहेर काढून २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा करण्यात आला. हा संत्र्यांचा आणि कापसाचा मुलूख असून घरोघरी मराठी बोलली जाते. १९४७ साली नागपूरला मेडिकल कॉलेज निघाले, तेव्हा नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती आणि हा भाग त्याच प्रांतात मोडत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला. नकाशावर सरहद्द उमटली, तरी आजाऱ्याची वाट नागपूरकडेच राहिली. आज नागपुरात सरकारी मेडिकल आहे, राष्ट्रसंत तुकडोजींच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे, आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्थाही २०२३ पासून पूर्ण स्वरूपात उभी आहे. आयुष्मान योजनेचे कार्ड राज्याबाहेरही चालते, त्यामुळे पैशाच्या दृष्टीने ही सरहद्द थोडी बोथट झाली आहे.

विद्यार्थ्याची वाट मात्र दुहेरी आहे. छिंदवाड्यास २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे. मध्यप्रदेश सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रसिद्ध केली. म्हणजे या भागात काम करणारा डॉक्टर इंग्रजी-हिंदीत शिकतो, त्याचा रोगी मराठीत दुखणे सांगतो, आणि तो रोगी उपचारासाठी दुसऱ्या राज्यात जाऊन पुन्हा त्याच्याकडेच परत येतो. कर्करोगाच्या शुश्रूषेत ही गोष्ट वरवर वाटते तितकी किरकोळ नाही. तिच्याकडे पुढे येऊ.

एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात कर्करोग हा स्वतंत्र विषय म्हणून येत नाही. विकृतिशास्त्रात त्याच्या पेशी, शल्यशास्त्रात त्याच्या गाठी, स्त्रीरोगशास्त्रात गर्भाशयमुख, कान-नाक-घशात स्वरयंत्र, अशी त्याची वाटणी झालेली असते. विद्यार्थी तुकडे शिकतो. ते जोडण्याचे काम त्याचे त्यालाच करावे लागते. पूर्ण तज्ज्ञ व्हावयाचे तर पदव्युत्तर तीन वर्षे, आणि काही शाखांत त्यानंतर आणखी तीन. परिचारिकांच्या शिक्षणक्रमात ए.एन.एम.ची दोन, जी.एन.एम.ची तीन, आणि बी.एस्सी.ची चार वर्षे. त्यानंतर कर्करोग-शुश्रूषेची एक वर्षाची खास पदविकाही आहे. ती घेणाऱ्या परिचारिका बहुधा मोठ्या रुग्णालयांतच राहतात. ज्या खेड्यांत जातात त्यांच्याजवळ मूळच्या शिक्षणात जेवढे मिळाले तेवढेच.

आणि तेवढ्यातही पुष्कळ करता येते. तोंडाचाच कर्करोग घ्या. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा नागपूरपासून या सगळ्या पट्ट्यात चघळला जातो. मध्यप्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. पण खर्रा पानटपरीवर डोळ्यांदेखत घोटून मिळतो. तोंड तपासण्यासाठी यंत्र लागत नाही. उजेड लागतो, हातमोजे लागतात, आणि गालाच्या आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग व हिरड्या क्रमाने पाहण्याची सवय लागते. पांढरा चट्टा, लाल चट्टा, तीन आठवडे उलटूनही न भरणारी जखम, या खुणा विद्यार्थ्याने एकदा डोळ्यांनी पाहिल्या की तो त्या विसरत नाही. शंभर वेळा वाचून त्या ओळखू येतीलच असे नाही. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर सुपारीने आतली त्वचा आवळून आणली आहे असा संशय धरावा, ही कसोटी तर शाळकरी मुलालाही शिकविता येईल.

थोड्या शिक्षणाने किती साधते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लक्ष स्त्रियांवर एक प्रदीर्घ प्रयोग केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवड्यांचे शिक्षण देण्यात आले. गर्भाशयमुखाला सौम्य व्हिनेगर लावावयाचे, एक मिनिट थांबावयाचे, आणि पांढरा डाग उठतो का ते पाहावयाचे, एवढेच काम. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटलेले आढळले. त्याआधीचे बार्शीचे उदाहरण याहूनही साधे आहे. तेथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. नोंद करणारे लोक गावोगाव फिरत आणि फिरता फिरता लक्षणेही समजावून सांगत. त्याचा परिणाम असा दिसला की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. कोणतेही नवे औषध त्यासाठी लागले नव्हते.

आता सरकारी धोरणानेच तिशीपुढील सर्वांची तोंडाची, आणि स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी गावपातळीवर व्हावी असे ठरविले आहे. त्यासाठी २०१६ साली मार्गदर्शक सूचना निघाल्या. मात्र तपासणीचा तक्ता भरणे निराळे आणि तपासणी करणे निराळे. "अंगावरून पांढरे जाते" हे बाई हलक्या आवाजात सांगते, आणि पाळी जाऊन पाच वर्षे झाल्यावर पुन्हा दिसलेले रक्त ती "उष्णता झाली" म्हणून सोडून देते. पुस्तकात "श्वेत प्रदर" शिकलेल्या विद्यार्थिनीला हे दुसरे वाक्य ऐकून दचकता आले पाहिजे.

रोग्याला नागपूरला धाडले, उपचार सुरू झाले. येथे तालुक्याचे काम संपले असे मानले जाते. खरा धोका तेथेच आहे. शिरेतून देण्याच्या कर्करोगाच्या औषधांनी रोगाच्या पेशींबरोबर रक्तातील पांढऱ्या पेशीही मरतात. त्यांची संख्या सर्वांत खाली जाते ती साधारणतः औषधानंतर सातव्या ते चौदाव्या दिवसांत. रोगी तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच घरी गेलेला असतो. म्हणजे औषध नागपूरला, आणि ताप मात्र पांढुर्ण्यात किंवा सौंसरजवळच्या एखाद्या खेड्यात. अशा वेळी अंगात लढणाऱ्या पेशीच नसल्याने पू होत नाही, सूज दिसत नाही. ताप हीच एकमेव खूण. कुणी तापाची गोळी देऊन "उद्या या" म्हणाले, तर तो उद्या कदाचित उगवणारच नाही. १००.४ अंशांपुढे ताप गेला की त्याला तातडीचा प्रसंग समजावे, स्नायूत इंजेक्शन टोचू नये, रक्ताची तपासणी व्हावी आणि शिरेतून प्रतिजैविक तासाभरात सुरू व्हावे, हा नियम कर्करोगाच्या वॉर्डातील प्रत्येक विद्यार्थिनी पाठ करते. तो नियम ताप जेथे येतो तेथील परिचारिकेस ठाऊक असावयास हवा. नागपूरहून मिळणाऱ्या कागदावर हे एक वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिण्यास शाईही फारशी लागत नाही. मराठी काय, हिंदी काय, लिपी एकच आहे.

या कामाची गरज पुढे वाढणारच आहे. २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसभराची उपचार-केंद्रे काढण्याची घोषणा झाली. म्हणजे ही औषधे जिल्ह्याच्या ठिकाणीच देण्याचा दिवस दूर नाही, आणि ती देणार परिचारिका. त्यांतील काही औषधे अशी जहाल असतात की शिरेबाहेर झिरपली तर मांस जाळतात. डॉक्सोरुबिसिन नावाचे लाल औषध हे त्याचे ठळक उदाहरण. सलाइनच्या सुईभोवती आग होते असे रोगी म्हणाला की प्रथम औषध थांबवावयाचे. सुई घाईने उपटून काढावयाची नाही, तिच्यातूनच शक्य तेवढे औषध परत ओढून घ्यावयाचे, मग सुई काढावयाची. त्यावर शेक गार की गरम, हेही औषधावर अवलंबून असते. डॉक्सोरुबिसिनला गार, व्हिन्क्रिस्टिनला गरम. उलट केले तर इजा वाढते. असले ज्ञान व्याख्यानातून येत नाही; अनुभवी परिचारिकेच्या शेजारी उभे राहूनच ते येते, आणि म्हणून या भागातील विद्यार्थ्यांना काही आठवडे तरी कर्करोगाच्या वॉर्डात काढावयास मिळणे आवश्यक आहे.

वेदनेचा भाग सर्वांत उपेक्षित आणि भाषेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. कर्करोगाच्या सर्व वेदना सारख्या नसतात. हाडात रोग उतरला की रोगी "ठणकते" म्हणतो. मज्जातंतू दाबला गेला की "आग होते", "मुंग्या येतात", "करंट लागल्यासारखी चमक निघते" असे सांगतो. या दोन वेदनांची औषधे निराळी आहेत. ठणक्याला नेहमीची वेदनाशामके आणि मॉर्फिन उपयोगी पडते. चमकेला त्यांच्या जोडीला मज्जातंतूंवर काम करणारी औषधे लागतात. रोग्याने वापरलेला शब्द "दर्द" या एकाच शब्दात बुडवून लिहिला, तर औषधही चुकते. सौंसरच्या मराठी घरातून आलेल्या मुलीला या शब्दांचे बारकावे आईच्या दुधाबरोबर मिळालेले असतात. शिक्षणाने ते तिच्याकडून काढून घेऊ नयेत.

मॉर्फिनविषयी डॉक्टरांच्या मनातही भीती घर करून आहे. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने ते मिळणे फार अवघड करून ठेवले होते; २०१४ साली त्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांचा मार्ग सुलभ झाला. परंतु कायदा बदलला तरी हात कचरतो. तोंडाने घ्यावयाची गोळी वेदनेच्या मापाने आणि घड्याळाच्या काट्यावर, दर चार तासांनी दिली, तर कर्करोगाच्या रोग्याला तिचे व्यसन जडणे ही क्वचित घडणारी गोष्ट आहे. जडते ती बद्धकोष्ठता. म्हणून गोळीबरोबरच रेचक लिहावयाचे, हे न विसरण्याची तालीम विद्यार्थ्यास द्यावी लागते. वेदनाशमन सेवेला २०१९ पासूनच्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात स्थान मिळाले आहे. या शास्त्राचा पाया घालणाऱ्या लंडनच्या सिसिली सॉन्डर्स या बाई प्रथम परिचारिका होत्या आणि मागाहून डॉक्टर झाल्या, हे या ठिकाणी आठवते.

घरी असलेल्या रोग्याच्या शुश्रूषेत आणखी काही अगदी घरगुती वाटणाऱ्या युक्त्या आहेत. गालावर फुटलेल्या जखमेला दुर्गंधी सुटते आणि सुना-नातवंडे खोलीत येईनाशी होतात. तेव्हा मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून तिची पूड जखमेवर टाकली की दोन-चार दिवसांत वास कमी होतो. नाकातील नळीतून पेज देताना डोके उंच ठेवावयाचे, आणि दिल्यावर अर्धा तास निजवावयाचे नाही. किरणोपचाराने तोंड आले असता मीठ आणि खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून दिवसातून अनेक वेळा गुळण्या. हे सारे परिचारिकेने घरच्या सुनेला करून दाखवावयाचे असते, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडून करून घेऊन पाहावयाचे असते.